तीर्थनच्या ट्राउटला तुमची माशी का पटत नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही दिसेल. गेल्या एप्रिलमध्ये तुम्ही हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात, गुशैणीजवळ चार दिवस होतात. फ्लाय फिशिंगचा रॉड ९ फुटी, ५ नंबरचा (नंबर म्हणजे तो पेलतो त्या लाइनीच्या वजनाचा). जाण्याआधी सहा महिने पुण्यात सोसायटीच्या मैदानावर सराव केलात, १५ मीटरपर्यंत लाइन, म्हणजे रिळावरची जाड दोरी, सरळ जाते. तरी चार दिवसांत एकही ट्राउट लागला नाही. झुलत्या पुलाखालच्या डोहात संध्याकाळी मासे वर येऊन काहीतरी टिपत होते, तुमच्या माशीकडे, म्हणजे गळावर पिसं आणि दोरा बांधून केलेल्या नकली किड्याकडे, मात्र ढुंकूनही बघत नव्हते. बारा प्रकारच्या माश्या बदलून झाल्या. यंदा पुन्हा जाताय आणि विचारताय, कोणत्या माश्या घेऊ?

त्या बारांमधल्या चार घ्या, आठ घरी ठेवा. कोणत्या चार ते पुढे येईलच, पण दोष माश्यांचा नव्हता. तुमच्या १५ मीटरचा होता.

हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण पहिली दोन वर्षं मी नेमकं हेच केलं. माझं लहानपण कुडाळकडचं. कर्ली नदीच्या काठी बांबूची काठी, तिला तंगूस, टोकाला गरी आणि गरीला गांडूळ, एवढ्या सामानावर आम्ही दिवसभर गरवायला बसायचो. त्यामुळे तीर्थनला पहिल्यांदा गेलो तेव्हा डोक्यात हवा होती की मासा धरणं मला कोण काय शिकवणार. नवाकोरा रॉड, खिसेच खिसे असलेलं जाकीट, माश्यांच्या दोन डब्या. तीन दिवस नदी झोडपली. चौथ्या दिवशी ज्यांच्या घरी उतरलो होतो ते चाचाजी चहाचा पेला घेऊन काठावर येऊन बसले. पाचेक मिनिटं गप्प बघत राहिले आणि म्हणाले, ‘पानी जो लाता है, मछली वही खाती है. आपकी मक्खी तो पानी से लड़ रही है.’ मला राग आला होता. राग उतरायला वर्ष गेलं आणि वाक्य कळायला आणखी एक.

फ्लायवाले याला ड्रॅग म्हणतात. मी फरफट म्हणतो, तो शब्द जास्त चपखल बसतो. तीर्थनसारख्या दगडगोट्यांच्या नदीत हातभर अंतरात पाण्याचे तीन वेग असतात. मधली धार पळत असते, दगडाच्या पुढ्यात पाणी दबून फुगलेलं असतं आणि दगडामागे जवळजवळ थांबलेलं, कधी उलटं फिरणारं. तुम्ही काठावर उभे, मासा पलीकडच्या दगडामागे, आणि मधे ती पळती धार. तुम्ही माशी अगदी अचूक त्या संथ पाण्यात टाकलीत. पण लाइन पडली धारेवर. धार लाइनीला ओढते, लाइन लीडरला (लाइन आणि माशी जोडणारा बारीक दोरा), लीडर माशीला. माशी दगडामागे दोन सेकंदही टिकत नाही, पाण्यावर ओरखडा काढत आडवी निघते. ट्राउटच्या आयुष्यात सहसा कुठला किडा असा आडवा पळत नाही. किडे पाण्याच्या चालीने वाहत येतात, कारण त्यांच्या अंगात धारेशी झगडण्याची ताकद नसते. ट्राउट जागा धरून बसतो आणि समोरून वाहत येईल ते टिपतो. ओरखडा काढणारी वस्तू त्याच्या लेखी अन्न नसतेच. आणि ती जरा मोठी असली तर तो दगडाखाली शिरतो तो तासभर बाहेर येत नाही.

आता तुमच्या सरावाचा हिशोब करा. १५ मीटर टाकलीत म्हणजे दहा-अकरा मीटर लाइन चार वेगवेगळ्या वेगांवर आडवी पडली. मैदानावर गवत वाहत नाही, म्हणून तिथे हे कधीच कळत नाही. लाइन जितकी सुंदर पडत गेली तितका मासा लांब गेला.

यावर इलाज साधा आहे, पण मनाला पटत नाही: जवळ जा. ५ ते ७ मीटर. माशाच्या खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या उतरत्या बाजूला उभे राहा, रॉड उंच धरा, आणि लाइन पाण्याला लागूच देऊ नका. पाण्यावर फक्त लीडरचं शेवटचं हातभर टोक आणि माशी. जे पाण्यावर नाही त्याला पाणी ओढणार कसं? माशी वर टाकली की ती तुमच्याकडे वाहत येते, तसतसं रॉडचं टोक वर नेत ढील गोळा करायची, पण ताण द्यायचा नाही. पतंग उडवताना मांजा हातात घेतल्यावर जो अंदाज लागतो, थोडा तसला अंदाज आहे हा. फरफट होतेय की नाही हे ओळखायची युक्तीही सोपी. माशीशेजारी फेसाचा बुडबुडा किंवा वाळकं पान वाहत असतं. माशी त्याच्या बरोबरीने चालली तर ठीक. ती पुढे गेली किंवा मागे पडली तर फरफट आहे, मग तुम्हाला डोळ्यांनी दिसो वा न दिसो. मासा ती बघतो.

लोक लांब का टाकत राहतात यालाही कारण आहे, नुसती हौस नाही. फ्लायमध्ये माशीला वजन नसतं, वजन लाइनीला असतं. ५ नंबरच्या लाइनीचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात, आणि एवढ्या वजनाने रॉड नीट वाकावा असा तो बनवलेला असतो. तुम्ही ५ मीटरवर टाकायला गेलात की रॉडबाहेर लाइन असते जेमतेम दोन-अडीच मीटर, बाकी लीडर. रॉड वाकतच नाही, माशी पायाशी गोळा होऊन पडते. मग माणूस आपसूक लाइन सोडत जातो आणि सोडता सोडता १५ मीटरवर पोचतो. म्हणून छोट्या नदीला ३ किंवा ४ नंबरचा, मऊ वाकणारा, साडेसात-आठ फुटी रॉड बरा पडतो. तुमच्याकडे ५ नंबरचा आहे तर नवीन घेऊ नका. त्याऐवजी धनुष्यबाणाची टाक शिका. लाइन रॉडच्या लांबीपेक्षा थोडी कमी बाहेर काढा, रॉडच्या हाताच्या बोटाने लाइन मुठीवर दाबून धरा. दुसऱ्या हाताच्या चिमटीत गळाच्या वाकावर माशी पकडा, टोक बोटांपासून लांब. रॉड दगडामागच्या पाण्यावर रोखा, माशी कानापर्यंत ओढा, रॉड कमानीसारखा वाकेल. चिमूट सोडा. माशी सुटते ती थेट तिथे. मागे झाडी असो, फांद्या असोत, फरक पडत नाही. गुशैणीच्या वर काठाशी झाडी इतकी दाट आहे की अर्धी ठिकाणं अशीच गरवावी लागतात. पहिल्या दिवशी गळ अंगठ्यात घुसेल, म्हणून त्याच्या टोकामागचा उलटा काटा आधीच चिमट्याने दाबून सपाट करा. मी तो केला नव्हता. बंजारच्या दवाखान्यात जावं लागलं.

जपानमध्ये डोंगरी ओढ्यांवर तेनकारा नावाची पद्धत आहे. साडेतीन मीटरची लवचीक काठी, रीळ नाही, काठीच्या टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची दोरी आणि एक माशी. ती पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला हसू आवरेना. कर्लीच्या काठावरची आमची बांबूची काठीच होती ती, फक्त गांडूळ वजा करून. हजारो रुपये खर्चून मी ज्यापासून लांब गेलो होतो तिथेच परत आलो होतो. आता मी तीर्थनला दोन्ही नेतो आणि दहातल्या सात वेळा तेनकारा काढतो.

जवळ जा म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, मासा बघणार नाही का? बघेल, पण त्याच्या बघण्याला नियम आहेत आणि ते तुमच्या बाजूचे आहेत. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतून दिसतं. खिडकीचा व्यास त्याच्या खोलीच्या सव्वादोन पट. म्हणजे ३० सेंटीमीटर खोल असलेल्या माशाला डोक्यावर जेमतेम ६८ सेंटीमीटरचं वर्तुळ दिसतं, बाकी सगळा आरसा, ज्यात नदीचा तळच उलटा दिसतो. काठावरची दुनिया या खिडकीच्या कडेला दाबून, चेपटी होऊन येते. पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या खालचं त्याला जवळपास कळत नाही. १० मीटरवर १० अंश म्हणजे पावणेदोन मीटर उंची, पाण्याच्या पातळीला उभा असलेला साधारण माणूस. ६ मीटरवर तेच एक मीटर होतं. म्हणून ६ मीटरवर गुडघ्यावर बसायचं. आणि ट्राउटचं तोंड कायम पाणी जिकडून येतं तिकडे असतं, म्हणून मागून यायचं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुम्ही एका उंच खडकावर उभे आहात, अंगात पोपटी विंडचीटर, डोक्यावर पांढरी टोपी, आणि सूर्य पाठीशी. तुमची सावली डोहाच्या मधोमध पडली आहे. त्या डोहातल्या प्रत्येक माशाला तुम्ही आल्याची वर्दी मिळाली होती. जुना खाकी शर्ट घाला, शेवाळी रंगाची टोपी. शेकडो रुपयांच्या माश्यांपेक्षा याचा उपयोग जास्त.

आता मासा असतो कुठे? डोह बघून हुरळून जाऊ नका. तीर्थनमध्ये बरेचसे मासे डोहात नसतात, ते वरच्या खळाळात असतात, पाणी पांढरं दिसतं तिथे. बघणाऱ्याला वाटतं, इतक्या जोराच्या पाण्यात कोण राहील? पण तळाशी पाणी दगडांना घासून मंदावतं, प्रत्येक मोठ्या गोट्याच्या मागे टोपलीएवढी शांत जागा असते. तिथून नाक थोडं बाहेर काढलं की धारेतून वाहणारं खाणं समोर. खळाळामुळे वरचं पाणी फुटलेलं, म्हणून त्याला वरून तुम्ही दिसत नाही, आणि माशी पारखायला वेळही मिळत नाही. तोंडाशी आलं ते घे, नाहीतर गेलं. नवशिक्यासाठी याहून चांगली जागा नाही. दगडाच्या मागे जसा मासा असतो तसाच पुढेही असतो, हे मला फार उशिरा कळलं. पाणी दगडावर आपटून फुगतं तिथे एक उशी तयार होते. मोठा मासा बऱ्याचदा त्या उशीला टेकलेला असतो. दोन धारा जिथे मिळतात तो जोड, त्यावर फेसाची रेघ, हेही बघून ठेवा. जो फेस वाहून आणतो तोच प्रवाह किडेही आणतो.

काठावर पोचल्यावर रॉड जोडायच्या आधी एक काम करा. गुडघाभर पाण्यात जाऊन नारळाएवढा एक दगड उचला आणि उलटा करा. खालच्या बाजूला काहीतरी वळवळेल. चपटं अंग, पोटाच्या दोन्ही कडांना पिसांसारखे कल्ले फडफडताहेत, शेपट्या बहुधा तीन: ती मेफ्लायची अळी. जरा दांडगी, दगडाला घट्ट चिकटून चालणारी, शेपट्या दोनच: ती स्टोनफ्लाय. आणि वाळूचे कण चिकटवून केलेली, तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी नळी दिसली, तर तिच्यात कॅडिस राहतो. नळी नखाने उकलली तर आत हिरवट-पांढरा किडा. पाच मिनिटांत तीन दगड बघा. ज्याची संख्या जास्त, त्याच्या रंगाची आणि आकाराची निंफ, म्हणजे पाण्याखालच्या अळीसारखी बुडणारी माशी, बांधा. नदीनेच ताट दाखवल्यावर डबीत काय आहे यावर खल करण्यात अर्थ नाही.

म्हणून चारच माश्या. तळाच्या कामाला दोन निंफ: फेझंट टेल, १६ नंबर, आणि हेअर्स इअर, १४ नंबर (हा गळाचा नंबर, जितका मोठा तितका गळ छोटा), दोन्ही टंगस्टनच्या मण्याच्या; फेझंट टेलच्या एक-दोन मण्याशिवायच्याही, पुलाखालच्या डोहासाठी. वर तरंगायला दोन: एल्क हेअर कॅडिस १४ आणि ॲडम्स १६. फेझंट टेल बांधली इंग्लंडच्या एव्हन नदीवर राखणदारी करणाऱ्या फ्रँक सॉयर यांनी. तीतराच्या जातीच्या पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची तार, दुसरं काहीही नाही. धागासुद्धा नाही, तारच धाग्याचं काम करते. ॲडम्स १९२२ची, अमेरिकेतल्या मिशिगनची. ती कुठल्याच एका किड्यासारखी दिसत नाही, थोडीथोडी सगळ्यांसारखी दिसते. शंभर वर्षं ती टिकली आहे ती यामुळेच. प्रत्येकी सहा न्या, कारण दगडांत अडकून निम्म्या जाणार आहेत. लीडर ९ फुटी, शेवटी ५एक्स टिपेट, म्हणजे लीडरचं सगळ्यांत बारीक टोक, जाडी ०.१५ मिलिमीटर. पाणी चढलेलं असेल तर थोडं जाड, ४एक्स.

एप्रिलमध्ये मी सहसा दोन माश्या लावतो. वर कॅडिस, तिच्या गळाच्या वाकाला दीड फूट टिपेट बांधून खाली निंफ. वरची माशी डोळ्यांना दिसते, खालची तळाशी जाते. कॅडिस दचकली, थबकली, किंवा उगाच एका अंगाला सरकली की रॉड उचला. थांबू नका. आपल्याकडे गांडुळावर गरवणाऱ्याचा हात इथे दगा देतो. गांडूळ मासा गिळतो, दोरी ओढतो, बोटाला टोचणी लागते, मग आपण उचलतो. निंफ म्हणजे दोरा आणि पीस. ट्राउट ती तोंडात घेतो, त्याला कळतं की हे खाणं नव्हे, आणि लगेच थुंकतो. हाताला काहीही लागत नाही. त्या एवढ्याशा वेळात उचललं तर मासा, नाहीतर ‘आज मासेच नव्हते’. तुमच्या चार दिवसांत पाचसहा मासे तरी तुमची निंफ चाखून गेले असतील अशी माझी खात्री आहे.

वेळेचं गणित तुम्ही उलटं धरलं होतं असं दिसतं. तुम्ही पहाटे पाचला जाऊन नऊला परत येत होतात आणि मग संध्याकाळी पुलावर. पहाटेचा नियम आपल्याकडच्या उन्हाळ्याचा. ट्राउट थंड रक्ताचा, पाणी १० ते १६ अंशांत असताना तो मन लावून खातो. एप्रिलच्या पहाटे तीर्थनचं पाणी त्याच्या बरंच खाली असतं, मासा सुस्त असतो. नीट न्याहारी करा, दहाला निघा, अकरा ते चार नदीवर राहा. मेच्या मध्यापासून हे पुन्हा बदलतं. वरचा बर्फ उन्हाने वितळतो आणि ते पाणी दुपारनंतर खाली पोचतं, नदी दुधी-करडी होते. तेव्हा सकाळच बरी. जुलै-ऑगस्ट विसरा, गढूळ पूर असतो. सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मला सगळ्यांत आवडतो: पाणी उतरलेलं, काचेसारखं, मासे हिवाळ्याआधी भुकेले. पण तेव्हा पाणी जितकं नितळ तितका मासा सावध, म्हणून पहिला मासा हवा असेल तर तुमचा एप्रिलच ठीक.

१ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी अखेरपर्यंत हिमाचलातल्या ट्राउटच्या पाण्यात मासेमारी बंद असते, कारण तो अंडी घालण्याचा काळ. बाकीच्या काळात मत्स्य विभागाचा परवाना लागतो. तो आधी काढा, पिशवीत ठेवा, आणि किती मासे ठेवता येतात, केवढे, कोणत्या पट्ट्यात, हे त्याच टेबलावर विचारून घ्या. गुशैणीच्या वर ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कची हद्द लागते. २०१४पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. तिकडे जाताना रॉड पिशवीतच असू द्या. आणि येताजाता औटजवळ, लारजीच्या धरणाखाली बियासचं पात्र कोरडं आणि मोहक दिसतं, त्यात फोटोसाठीही उतरू नका. जून २०१४मध्ये धरणातून पाणी सोडलं गेलं आणि हैदराबादहून आलेले इंजिनिअरिंगचे २४ विद्यार्थी तिथे वाहून गेले. तीर्थनमध्येही मांडीच्या वर पाणी लागलं की मी मागे फिरतो. तिथल्या दगडांवरचं शेवाळ कोकणातल्या पावसाळी पायऱ्यांवरच्या शेवाळासारखंच आहे, फक्त पाणी बर्फाचं.

ट्राउट मूळचा तिथला नाही, हेही सांगून टाकतो. कारण ‘हिमालयातला ट्राउट’ म्हणताना लोकांना तो देवदारासारखा तिथलाच वाटतो. १९००च्या सुमारास ब्राउन ट्राउटची अंडी ब्रिटनमधून काश्मीरला आली. त्याआधीची खेप वाटेतच मेली होती. काश्मीरमधून १९०९मध्ये ती कुलूला आणली हॉवेल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने. नदीतला खरा घरमालक म्हणजे आसला, ज्याला इंग्रज स्नो ट्राउट म्हणत, पण तो ट्राउट नव्हे. त्याचं तोंड खालच्या बाजूला, दगडावरचं शेवाळ खरवडून खातो, आणि त्याची पिल्लं ब्राउन ट्राउटच्या पोटात जातात. मला ट्राउटचं वेड आहे, तरीही हे विसरायला होत नाही. चुकून आसला लागला तर हलकेच सोडा. इंद्रधनुषी पट्ट्याचा, शेपटीवरही ठिपके असलेला रेनबो लागला तर तो बहुधा खोऱ्यातल्या एखाद्या ट्राउट फार्ममधून निसटलेला. ब्राउनच्या अंगावर फिकट कड्यांतले लाल ठिपके असतात, शेपूट जवळपास कोरी. सोडायचा असेल तर आधी हात ओले करा, मासा पाण्याबाहेर काढू नका, चिमट्याने गळ उलटा ढकला. खायचा असेल तर परवान्याच्या नियमात बसणारा एक घ्या, मीठ-हळद लावून सरसोंच्या तेलात तळा. आमचूर वगैरे सगळं करून बघितलं. मी कुडाळहून कोकमाचं आगळ घेऊन जातो. चाचाजी आता माझ्यापेक्षा आगळाची वाट जास्त बघतात.

इथे सह्याद्रीत ट्राउट का नाही असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. गुशैणी जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्याच उंचीवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. पण गुशैणीच्या डोक्यावर बर्फ आहे, कळसूबाईच्या डोक्यावर आभाळ. मार्चनंतर आपले ओढे आटतात आणि उरलेलं पाणी २५ अंशांपुढे जातं. तेवढ्या गरम पाण्यात ट्राउट मरतो. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच पठारांवर इंग्रजांनी रेनबो रुजवला. तिथली उंची जास्त, म्हणून तो टिकला. पण सरावाला सह्याद्री उत्तम. मैदान सोडा. पाऊस ओसरल्यावर वेल्ह्याकडच्या एखाद्या खळाळत्या ओढ्यावर जा, गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधा, आणि तो पानाच्या बरोबरीने दगडामागून वाहवता येतो का बघा. एक दुपार पुरे. एप्रिल व्हायच्या आत दोन होतील तर आणखी छान.

राहिला तुमचा पुलाखालचा डोह. तो मला चांगला माहीत आहे, माझेही बरेच तास त्याने खाल्लेत. तुम्ही उजव्या काठाच्या खडकावरून डोहाच्या मध्यावर टाकत होतात. मासे वर येत होते ते डोहाच्या शेपटीला, जिथे पाणी उथळ होऊन पुढच्या खळाळात घसरतं, बरोबर? संध्याकाळी मासे मध्यातून तिथे सरकतात, कारण दिवसभर वर जन्मलेले, थकलेले, बुडालेले किडे तिथे एका अरुंद पट्ट्यात जमा होतात. आणि ती जागा फरफटीसाठी महाबिकट, कारण माशीच्या खालचं पाणी तिच्यापेक्षा वेगाने पळतं. वरून टाका, बाजूने टाका, लाइन खाली ओढली जाणारच. आणि तुम्ही बघितलेले ते मासे नाक वर काढत नव्हते, फक्त पाठीचा पंख आणि शेपटीचं टोक दिसत होतं. म्हणजे ते पृष्ठभागावरचं नव्हे, पृष्ठभागाला चिकटून खाली लटकलेलं काहीतरी खात होते. तरंगणाऱ्या माशीला ते हात लावणार नव्हते.

साडेपाचला पूल ओलांडून डाव्या काठाला जा. पुलापासून खाली साधारण तीस पावलांवर एक फुटका, टेबलासारखा दगड आहे, त्याच्या खालून पाण्यात उतरा. गुडघ्यावर बसा. डोहाची शेपटी तुमच्या वर, ६ मीटरवर येईल, आणि तुमच्यामधला खळाळ रॉडच्या खाली राहील. फेझंट टेल लावा, पण मण्याशिवायची. टिपेटला वीतभर सोडून वर थोडं ग्रीस चोळा, म्हणजे निंफ पृष्ठभागाच्या वीतभर खालीच राहील. मग काही करू नका. दहा मिनिटं बघा. मासे ठरावीक वेळाने, ठरावीक जागी वर येतात. सगळ्यांत खालचा, तुमच्या सगळ्यांत जवळचा मासा निवडा. वरचा मोठा असेल, पण त्याच्यावर टाकलीत तर खालचा पळताना सगळ्यांना घेऊन पळेल. खालच्याच्या हातभर वर टाका, रॉड उंच.

पहिली टाक चुकली तर दुसरी लगेच टाकू नका. माशी त्याच्या मागे निघून जाऊ द्या, मग सावकाश उचला. अंधार पडायच्या आत चार-पाच टाका मिळतील. दगडावर चहाच्या पेल्याचा गोल डाग दिसला तर समजा चाचाजी येऊन गेलेत.